'आज नको' म्हणणाऱ्या मुलाला शिकवायला जाताना

पंधरा वर्षं शाळेत शिकवलेल्या एक बाई रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डात शिकवायला पहिल्यांदा आल्या. पिशवीत चित्रकार्डं, रंगीत पेन्सिली, नीट आखलेलं पाठाचं टाचण. खाटेवरच्या सातवीतल्या मुलाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, "आज नको" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाई हिरमुसून बाहेर आल्या. "पहिल्याच दिवशी फजिती," म्हणाल्या.

मी त्यांना त्या मुलाची सकाळ सांगितली. सहाला रक्त काढायला उठवलं. आठला सलाईनची सुई बदलली, ती दुसऱ्या खेपेला लागली. मग डॉक्टरांचा राउंड आला आणि पाच-सहा जणांनी पाळीपाळीने पोट दाबून पाहिलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याने नाही म्हटलं असतं तरी ते थांबलं नसतं. त्या सकाळी ज्याला 'नको' म्हणता येईल असं एकच माणूस त्याच्या खाटेपाशी आलं, ते म्हणजे बाई.

रुग्णालयात शिकवायची तयारी मला इथूनच सुरू करावीशी वाटते. विषयज्ञान तुमच्याकडे आहे, शिकवायची हातोटीही आहे. नवं शिकायचं ते इतकंच, की मुलाचा नकार झेलायचा, पुन्हा यायचं आणि तरीही खरा अभ्यास घ्यायचा. बाकीच्या पायऱ्या त्याला धरूनच येतात.

पायरी १ : आधी स्वतःची तपासणी

ही पायरी रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी आणि फ्लू या लसींची नोंद काढा, राहिलेल्या घ्या. कांजिण्यांचं विशेष सांगते. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या पसरतात, म्हणजे आपण आजारी आहोत हे कळायच्या आत तुम्ही अख्ख्या वॉर्डात फिरून आलेले असता. घसा खवखवत असेल तर घरी राहा. शाळेत तापात शिकवणाऱ्या शिक्षकाचं कौतुक होतं, इथे तो धोका ठरतो.

बाह्या कोपराच्या वर, नखं कापलेली, हातात अंगठी-बांगडी-घड्याळ नाही. लोंबणारी ओढणी किंवा ओळखपत्राची लांब दोरीही नको, ती एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर लोळत जाते. अल्कोहोलचं द्रावण वीस ते तीस सेकंद चोळायचं. साबणपाण्याने धुवायचे असतील तर चाळीस ते साठ सेकंद. काही जुलाबांच्या जंतूंवर अल्कोहोल चालत नाही, तिथे साबणपाणीच लागतं. कोणत्या खोलीबाहेर काय करायचं याची पाटी दारावर असते. ती वाचल्याशिवाय आत जायचं नाही.

पायरी २ : दोन दिवस हातात पुस्तक धरू नका

पहिले दोन दिवस सिस्टरच्या मागे फिरा आणि वॉर्डाचं घड्याळ कागदावर उतरवा. राउंड कधी, ड्रेसिंग कधी, फिजिओथेरपी कधी, ड्युटी बदलते कधी, कोणत्या औषधानंतर मुलं पेंगतात. शाळेत वेळापत्रक तुम्ही लावता. इथे ते आधीच लागलेलं असतं आणि तुम्हाला फटी शोधायच्या असतात.

काही फटी मात्र चांगल्या रुंद असतात. हिमोडायलिसिसची, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून घेणारी, मुलं साधारणपणे आठवड्यातून तीनदा येतात आणि तीन-चार तास एका जागी असतात. इतका नेमका, हमखास हजर वर्ग शाळेतही मिळत नाही. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, असलेला हात हलवायचा नाही, तेव्हा लिहायचं दुसऱ्या हाताने. तो बहुधा लिहिण्याचा नसलेल्या हातालाच करतात, पण गृहीत धरू नका, विचारा. अवघड गणितं पहिल्या दोन तासांत घ्या. पुढे रक्तदाब उतरू शकतो, मूल मलूल होतं, डोकं दुखतं. तेव्हा गोष्ट वाचून दाखवा. थॅलेसेमियाची मुलंही दर काही आठवड्यांनी रक्त घ्यायला येतात, त्यांचाही दिवस आधी ठाऊक असतो. रक्त सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं सिस्टर बारकाईने लक्ष ठेवून असतात. ती त्यांची. त्यानंतर तुम्ही जा.

पायरी ३ : फाईल मागू नका, पाच प्रश्न विचारा

नव्या शिक्षकाला वाटतं, आजाराची सगळी माहिती हवी. नको असते. फाईलमध्ये अशा कितीतरी गोष्टी असतात ज्या मुलाला सोडा, कधी कधी आजीलाही सांगितलेल्या नसतात, आणि माहीत असलेली गोष्ट चेहऱ्यावर दिसते. रोज खाटेपाशी जाण्याआधी सिस्टरना एवढं विचारा: आज कसा आहे, दुखतंय का? कुठला हात मोकळा आहे? बसवलं तर चालेल का, किती वेळ? आज काही तपासणी किंवा ऑपरेशन आहे का, उपाशी ठेवलंय का? आणि मी काय बघून तुम्हाला हाक मारायची?

चौथा प्रश्न मी एकदा विचारायचा विसरले. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या मुलीपुढे अपूर्णांकांचा पाठ मांडला, आणि उदाहरण कशाचं, तर केकच्या आठ तुकड्यांचं. तिने रडून गोंधळ घातला. त्याबद्दल सिस्टर मला जे बोलल्या ते रास्त होतं.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं वहीत लिहून ठेवा. मधुमेही मुलाला अचानक घाम सुटला, हात कापू लागले, विनाकारण चिडला, तर साखर उतरत असेल. धडा तिथेच थांबवून हाक मारा. फिट्सच्या एका प्रकारात मूल दहा-वीस सेकंद नुसतं शून्यात बघतं आणि मग काहीच न घडल्यासारखं वाचू लागतं. शाळेत आपण त्याला "लक्ष कुठंय?" म्हणून ओरडलो असतो. इथे वेळ टिपायची आणि सांगायचं. सलाईनचा पंप वाजू लागला तर बटण दाबायचं नाही. शेजारच्या खाटेचे नातेवाईक "हे असं दाबतात" म्हणून शिकवतील, तरीही नाही.

पायरी ४ : आजार पेन्सिलीपर्यंत कसा पोचतो ते समजून घ्या

प्रशिक्षणात मी सर्वांत जास्त वेळ इथे देते. वैद्यकशास्त्र शिकायचं नाही, पण आजार आणि औषधं वहीवर काय उमटवतात ते ओळखता आलं पाहिजे.

रक्ताच्या कर्करोगात विन्क्रिस्टिन नावाचं औषध नेहमी देतात. ते नसांवर परिणाम करतं. बोटांना मुंग्या येतात, पकड ढिली पडते, अक्षर वेडंवाकडं होतं. आईबाप वही बघून म्हणतात, "आळशी झालाय." तो आळशी झालेला नसतो. जाड पेन्सिल द्या किंवा साध्या पेन्सिलीला कापडी पट्टी गुंडाळून ती जाड करा, उत्तर तोंडी घ्या, आणि अक्षरावर शेरा मारू नका. स्टेरॉइड चालू असताना तेच मूल भुकेने कासावीस असतं, झोप नसते, क्षणात हसतं नि क्षणात वही फेकतं. वही उचला आणि पुढे चला. केमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. वॉर्डात त्याला नुसतं 'काउंट डाउन आहे' म्हणतात. तेव्हा मूल डोक्याने ताजंतवानं असलं तरी गटात बसवता येत नाही. एकट्यालाच शिकवावं लागतं. मेंदूला किरणोपचार झाले असतील तर पुढे काही वर्षांतही वेग आणि लक्ष कमी झालेलं दिसू शकतं. समज असते, वेळ जास्त लागतो. परीक्षेत वाढीव वेळ मागायची तयारी आजपासून करा.

आणि हात. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या उजव्या हाताला सुई लागली की पुढचे दोन-तीन दिवस लिहिणं बंद. दर वेळी डावी शीर मिळेलच असं नाही, पण सिस्टरना आधी सांगून ठेवलं तर त्या आवर्जून दुसरा हात आधी बघतात. आम्ही खाटेच्या पाटीवर मुलाचा लिहिता हात चित्राने दाखवतो. उपाय अगदी साधा आहे, आणि मुलांना तो फार आवडतो, कारण आपल्या अंगाबद्दलची एक तरी गोष्ट आपल्याला विचारून लिहिली गेली असं त्यांना वाटतं.

पाय वजन लावून ताणून ठेवलेल्या मुलाचं आणखी एक कोडं. तो उताणा. पाटी छातीवर उभी धरून लिहायला लागला की बॉलपेन दोन ओळींत बंद पडतं, कारण शाई खाली यायला पेनाचं टोक खाली लागतं. नवे शिक्षक तीन पेनं बदलतात. पेन्सिल द्या, मऊ शिशाची. कागद चिमट्याच्या पाटीवर, पेन्सिल दोरीने पाटीला बांधलेली, कारण पडलेली पेन्सिल त्याला उचलता येत नाही आणि दर वेळी कुणाला तरी हाक मारायची त्याला लाज वाटते. टोकयंत्र डबीचं हवं. अंथरुणातला पेन्सिलीचा भुसा पाठीला किती टोचतो ते त्यालाच विचारा.

पायरी ५ : शाळेचे लाडके प्रयोग पुन्हा तपासा

विज्ञानाच्या शिक्षकांनो, हे तुमच्यासाठी. ओल्या कापसावर कडधान्य रुजवायचा प्रयोग काउंट कमी असलेल्या मुलाजवळ नको. ओल्या जागी आणि मातीत बुरशी वाढते आणि ती अशा मुलाला जिवावर बेतू शकते. फुलं आणि कुंड्याही त्याच कारणाने तिथे चालत नाहीत. हवेच्या दाबासाठी फुगा? काही मुलांना लॅटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची, तीव्र ॲलर्जी असते, मणक्याच्या जन्मजात व्यंगासाठी वारंवार ऑपरेशनं झालेल्या मुलांत तर विशेष. मेणबत्तीवर पेला ठेवायचा प्रयोग ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत करायचा विचारही नको. चुंबक? डोक्यातलं पाणी काढायला बसवलेल्या नळीच्या, म्हणजे शंटच्या, काही प्रकारांत झडपेचं सेटिंग चुंबकाने बदलतं. म्हणून नियम असा, की नवं साहित्य आत न्यायच्या आधी सिस्टरना दाखवायचं.

मग उरतं काय? भरपूर. सलाईनचे थेंब मिनिटाला किती पडतात ते मोजून बाटली कधी संपेल ते काढणं हा गुणोत्तराचा उत्तम धडा आहे. स्वतःच्या तापाचा आलेख, क्ष-किरण चित्रातली हाडं, खिडकीतल्या सावलीची रोजची लांबी. पण हेही विचारून घ्या. काही मुलांना आजारापासून तासभर सुटका हवी असते, त्यांना तापाचा आलेख नको, नकाशातल्या नद्या हव्यात.

पुस्तकं एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तशीच न्यायची नाहीत. पुसता येईल असं प्लास्टिकच्या आवरणातलं साहित्य, किंवा त्या मुलाचंच म्हणून दिलेलं. आयसोलेशनमध्ये, म्हणजे संसर्ग टाळायला वेगळ्या ठेवलेल्या खोलीत, गेलेली वस्तू तिथेच राहते, तेव्हा तुमची आवडती जुनी पुस्तकं आत नेऊ नका.

पायरी ६ : वीस मिनिटांत संपणारा धडा

'उरलेलं उद्या' हे वाक्य इथे विसरा. उद्या तो ऑपरेशनला असेल, घरी असेल, गुंगीत असेल. प्रत्येक बैठकीला सुरुवात हवी, मधला भाग हवा आणि हातात काहीतरी पुरं झाल्याचा शेवट हवा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. मूल म्हणालं तर आणखी. धडा संपल्यावर चार ओळींची नोंद ठेवा: तारीख, वेळ, काय घेतलं, कुठे थांबलो. ही नोंद तुमच्यासाठी नसते, उद्या तुमच्या जागी येणाऱ्यासाठी असते.

काय शिकवायचं ते मुलाच्या शाळेकडून घ्या. पालकांची लेखी संमती घेऊन वर्गशिक्षकांशी बोला, घटक कुठवर आलेत ते विचारा, आणि परीक्षेचे नियम पहिल्याच आठवड्यात काढून घ्या. लेखनिक, वाढीव वेळ, वेगळं केंद्र यांचे अर्ज शेवटच्या दिवशी चालत नाहीत.

एका चुकीबद्दल मी फार कडक आहे. दया येऊन सोपं सोपं शिकवायचं, चुकलेल्या गणितावरही बरोबरची खूण करायची. मुलं हे तत्क्षणी ओळखतात. एका नववीतल्या मुलीने मला विचारलं होतं, "मी मरणार आहे म्हणून सगळं बरोबर देताय का?" ती मरणार नव्हती. शिक्षक नवे होते, इतकंच.

पायरी ७ : 'नको'चा सराव

हा सराव आम्ही जोडीने, नाटकासारखा करतो. एकाने मूल व्हायचं आणि नाही म्हणायचं; दुसऱ्याने समजूत न घालता, आमिष न दाखवता, चेहरा न पाडता उत्तर द्यायचं. ऐकायला सोपं आहे. करून बघा, दहातले आठ शिक्षक दुसऱ्याच वाक्यात "अरे, पण थोडंसंच" वर येतात.

चालणारं उत्तर असं असतं: "बरं. मी चार वाजता परत इकडूनच जाणार आहे, तेव्हा विचारते." आणि चार म्हणजे चार. चार वाजता जाता आलं नाही तर निरोप पाठवायचा. विचारतानाही "अभ्यास करायचा का?" असं विचारायचं नाही. "आधी इतिहास की आधी गणित?" किंवा "मी वाचू की तू वाचतोस?" असे दोन खरे पर्याय ठेवायचे, तिसरा, नकाराचा, आहेच. नकार एकदा मानला गेला की बहुतेक मुलं पुढे होकार देतात. बाईंच्या त्या सातवीतल्या मुलाने तिसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, "आज काय आणलंय?"

पण सलग तीन-चार दिवस 'नको' येत असेल, विशेषतः आधी उत्साही असलेल्या मुलाकडून, तर ते अभ्यासाबद्दल नसतं. दुखणं, भीती, उदासी, काहीतरी आहे. डॉक्टरांना आणि समुपदेशकांना सांगा. वॉर्डातलं इतर सगळं मुलाला सोसावंच लागतं, त्यामुळे बदल सर्वांत आधी तुमच्याकडेच दिसतो.

याच कारणाने माझा एक हट्ट आहे: सुई लावताना मुलाचा हात धरायला शिक्षकाने कधीही मदत करायची नाही. माणसं कमी असतात, सिस्टर घाईत असतात, "सर, जरा धरा ना" असं सहज म्हटलं जातं. नम्रपणे बाजूला व्हा. आईने धरलं तर आई ती आईच राहते. तुम्ही धरलंत की तुम्हीही सुईवाल्यांतले.

रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला हे पटवायचं असेल तर कागदाचा आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम २८ शिक्षणाचं आणि ३१ खेळाचं आहे. मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं कलम १२ आहे. त्याच्या आधी, १९८८ साली, नेदरलँड्समधल्या लायडन इथे रुग्णालयातल्या मुलांसाठी दहा कलमांची सनद तयार झाली. तिचं सातवं कलम वयाला आणि तब्येतीला साजेशा खेळाबद्दल आणि शिक्षणाबद्दल बोलतं. मी मात्र बैठकीत आधी मागते ती साधी गोष्ट: धड्याच्या वेळी, तातडीचं नसेल तर, त्या खाटेपाशी कुणी यायचं नाही.

पायरी ८ : अवघड प्रश्न

"मी बरा होणार ना?" हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त वेळा विचारला जाईल, तोही भागाकार चालू असताना. "हो, नक्की" म्हणू नका, आणि "असं बोलू नये" तर मुळीच म्हणू नका. "तुला आज हे का वाटलं?" असं विचारा आणि गप्प बसा. मग, "याचं उत्तर मला ठाऊक नाही. कोणाला विचारूया? मी बरोबर थांबू का?" आणि संध्याकाळच्या आत ही गोष्ट आईवडिलांपर्यंत आणि उपचार करणाऱ्यांपर्यंत पोचवा. लहान मुलांना पुष्कळदा वाटतं की आपण वाईट वागलो म्हणून आजारी पडलो. हे कानावर आलं तर तिथल्या तिथे खोडून काढा.

कधीतरी सकाळी जाल आणि खाट रिकामी, चादर नवी असेल. शेजारची मुलं तुमच्याकडे बघतील. काय सांगायचं ते सिस्टरांशी ठरवून मगच आत या. "घरी गेला" असं खोटं सांगू नका, ती रात्री जागी असतात. त्या मुलाची वही आईवडिलांना द्या, पण त्यांनी विचारल्यावर किंवा काही दिवसांनी, हातात. त्या दिवशी तुम्हाला शिकवता आलं नाही तर नका शिकवू. महिन्यातून एकदा दुसऱ्या अनुभवी माणसापाशी मन मोकळं करायची बैठक ठरलेली असावी, आणि ती गरज पडल्यावर नव्हे, पहिल्या महिन्यापासून.

पायरी ९ : शाळेत परत

याची तयारी दाखल झाल्याच्या आठवड्यातच सुरू होते. वर्गमित्रांची पत्रं, फोनवरून एखादा तास, हजेरीपटावर नाव तसंच राहील याची खात्री. आईवडील म्हणतात, "आधी बरा होऊ दे." त्यांच्याशी वाद घालू नका, मुलाने सोडवलेलं एक पान दाखवा.

घरी जायच्या आधी मुलालाच विचारा, वर्गात काय सांगायचं आणि काय नाही. केस गेल्याचं सांगायचं का? टोपी घालायला परवानगी लागेल का? मग वर्गशिक्षकांशी बसा: जिना किती, दप्तर कोण उचलणार, स्वच्छतागृहाला मध्येच जाता येईल का, अर्धा दिवस चालेल का. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाच्या वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला तर त्याच दिवशी घरी कळवायचं हे लेखी घ्या, कारण बचावाचा उपाय उशिरा केला तर लागू पडत नाही.

दोन आठवड्यांनी फोन करा, मग दोन महिन्यांनी. गुण विचारू नका. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतो, वही पूर्ण करायला इतरांपेक्षा किती वेळ लागतो आणि थकल्यावर ते शिक्षकांना सांगतो का, हे विचारा. सांगत नसेल तर पुढच्या तपासणीला येईल तेव्हा त्याच्याशी बोला, आणि वर्गशिक्षकांनाही तो जोडीचा सराव करून दाखवा.